माफी कुणी कुणाला दिली?

काकूंचा अर्ज भरायला बसलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सांगलीहून आलेली प्लास्टिकची पिशवी टेबलावर, पिशवीत पासपोर्ट, पासपोर्टात रबरबँड लावून ठेवलेले पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचं, म्हणून डीएस-१६० नावाचा ऑनलाइन अर्ज. वीसेक मिनिटं हात लावला नाही की तो आपला आपण बंद पडतो, आणि काकूंना दर प्रश्नाला काहीतरी आठवतं.

तुम्ही एखाद्या टोळीचे किंवा कुळाचे आहात का, असा एक प्रश्न आला. काकूंनी चष्मा वर केला. "जात विचारतायत का रे?"

"बहुतेक नाही."

"मग गोत्र?"

'नाही'वर टिचकी मारून पुढे गेलो. बंदुका, स्फोटकं, अणू, जैविक किंवा रासायनिक गोष्टींतलं काही खास प्रशिक्षण? काकूंनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. "विज्ञान प्रदर्शन भरवायचो, तेवढंच." जन्मतारीख १ जून. तीही शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेली. "मी काय कमी पोरांना दिली? सहा वर्षं पुरी दिसायला हवीत ना, घाल एक जून." महाराष्ट्रातल्या एका पिढीचा हा सामुदायिक वाढदिवस अमेरिकेच्या संगणकात असा बिनबोभाट शिरला.

काकूंना व्हिसा लागतो म्हणून हा उपद्व्याप. ज्यांना लागत नाही त्यांचं बरं, असं त्या रात्री वाटलं होतं. पुढे या विषयात डोकं घातल्यावर ते तितकंसं खरं नाही असं दिसलं. व्हिसा माफ करणारे देश चौकशी माफ करत नाहीत; ती वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी आणि पुष्कळदा प्रवाशाच्या नकळत करतात.

अमेरिकेचंच उदाहरण घेऊ, कारण पुष्कळांनी वही तिथूनच उतरवून घेतली. व्हिसामाफीची योजना १९८६च्या कायद्यानं आली, १९८८मध्ये ब्रिटन हा पहिला देश यादीत गेला, मग जपान. २०००मध्ये ती कायमची झाली. आज यादीत ४२ देश आहेत. मुख्य अट अशी की त्या देशाच्या नागरिकांचे पर्यटक-व्हिसाचे अर्ज नाकारले जाण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत हवं, आणि त्या देशानंही अमेरिकनांना तीच सवलत द्यायला हवी. भारत या यादीत नाही. पोर्तुगाल मात्र १९९९पासून आहे. त्यामुळे आपल्या शेजारी एक गंमत घडते. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही, पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. मडगावच्या एकाच घरातला एक भाऊ लिस्बनचा पासपोर्ट घेऊन घरबसल्या परवानगी काढतो आणि दुसरा वांद्रे-कुर्ला संकुलात वकिलातीच्या रांगेत उभा राहतो. रक्त एक, गाव एक, कागद दोन.

पूर्वी माफीवाल्या प्रवाशांना विमानातच एक हिरवा कागद मिळायचा. गुडघ्यावर ठेवून, शेजाऱ्याचं पेन मागून तो भरायचा. ११ सप्टेंबर २००१ नंतर तो अपुरा वाटू लागला, कारण तो हाती येईतो माणूस अमेरिकेच्या जमिनीवर उतरलेला असे. २००७च्या कायद्यानं ऑनलाइन पूर्वपरवानगी आणली आणि १२ जानेवारी २००९पासून ती सक्तीची झाली. एस्टा तिचं नाव. सुरुवातीला फुकट. २०१०मध्ये १४ डॉलर, त्यातले १० अमेरिकेच्या पर्यटनाच्या जाहिरातीसाठी. म्हणजे येणाऱ्याकडूनच 'या हो' म्हणण्याचा खर्च काढायचा. मग २१ डॉलर, आणि ३० सप्टेंबर २०२५पासून ४०. परवानगी दोन वर्षं चालते.

व्हिसामाफीच्या योजनेच्या इंग्रजी नावातला 'माफी'साठीचा शब्द दुधारी आहे. त्याचा अर्थ माफ करणं, तसाच हक्क सोडून देणंही. अमेरिका व्हिसाची अट सोडते आणि बदल्यात प्रवासीही काहीतरी सोडतो: विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं आत घेतलं नाही, तर आश्रय मागण्याचा अपवाद वगळता, त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क. हे कायद्यातच आहे आणि अर्ज भरताना त्यावर खूण करावी लागते. किती जण वाचतात कोण जाणे. रांगेत उभं राहून व्हिसा मिळवलेल्या काकूंचा हक्क अशा खुणेनं सुटलेला नसतो. माफी कुणी कुणाला दिली, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

अर्जांतले चमत्कारिक प्रश्न काही आजचे नाहीत. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेंचा १९०१मध्ये एका अराजकवाद्यानं खून केला, १९०३मध्ये अराजकवाद्यांना बंदी करणारा कायदा झाला. १९२१मध्ये अमेरिकेला निघालेल्या जी. के. चेस्टरटन या इंग्रज लेखकाला वकिलातीतल्या कागदावर, तुम्ही अराजकवादी आहात का, बहुपत्नीक आहात का, असं विचारलेलं होतं. त्यानं पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्याची मनसोक्त टिंगल केली. आज त्या जागी दहशतवाद, हेरगिरी, वंशसंहार आहेत. दहशतवादी 'हो' लिहील अशी कुणाचीच अपेक्षा नसते. 'नाही' लिहून घेणं हाच हेतू. पुढे ते खोटं निघालं की मूळ गुन्हा शाबीत करत बसावं लागत नाही. अर्जात खोटं लिहिलं एवढ्यावर माणसाला परत धाडता येतं. अर्ज ही चौकशी कमी आणि कबुलीजबाब जास्त.

पण अर्जात निदान आपण काय लिहितो ते आपल्याला ठाऊक असतं. खरा मामला विमानाच्या तिकिटात आहे. तिकीट काढलं की आरक्षणाची एक नोंद तयार होते. धंद्यात तिला पीएनआर म्हणतात आणि तिचा सहा अक्षरांचा क्रमांक तेवढा आपण बघतो. आत नाव, फोन, ईमेल, पैसे कसे भरले, एजंट कोण, सोबत कोण, सामान किती, कोणती जागा, तिकीट कितीदा बदललं, आणि जेवण. जेवणाला कोड असतात: एचएनएमएल म्हणजे हिंदू जेवण, व्हीजेएमएल जैन, एमओएमएल मुस्लिम, केएसएमएल ज्यूंचं कोशर. अर्जात धर्माचा रकाना नसला तरी ताटावरून धर्म कळतो. बटाटे-कांदे चालत नाहीत एवढं सांगितलं की पुरे.

नोव्हेंबर २००१च्या कायद्यानं अमेरिकेनं या नोंदी विमान कंपन्यांकडून मागायला सुरुवात केली. युरोपच्या कायद्याप्रमाणे देता येत नव्हत्या, अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे द्याव्याच लागत होत्या. कंपन्यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. करार झाला. युरोपच्या न्यायालयानं तो ३० मे २००६ रोजी रद्द केला, तोही खासगीपणाच्या मुद्द्यावर नाही, तर चुकीच्या कायदेशीर आधारावर केला म्हणून. मग पुन्हा करार, पुन्हा बदल. २०१२च्या करारात, सहा महिन्यांनी नाव झाकायचं, पाच वर्षं नोंद हाताशी ठेवायची आणि दहशतवादाच्या कामासाठी एकूण पंधरा वर्षं जपायची असं ठरलं. धर्म उघड करणारे कोड गाळायचंही ठरलं. युरोपनं २०१६मध्ये स्वतःचीही अशीच व्यवस्था उभारली. २१ जून २०२२च्या निकालात न्यायालयानं तिला चाप लावला: ज्याच्यावर काही संशय नाही अशा सरसकट प्रवाशांच्या नोंदी पाच वर्षं ठेवता येणार नाहीत, सहा महिने पुरेत. या सगळ्या वादात हा निकाल मला सर्वांत शहाणा वाटतो. त्यात गोळा करायला बंदी नाही; जपायला हिशेब मागितला आहे.

साठवण किती काळाची, हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण सगळं तिथंच आहे. अमेरिकेत २००४पासून पाहुण्यांचे ठसे घेतात, आधी दोन बोटांचे, पुढे दहाही. ते ७५ वर्षं ठेवायचा नियम आहे. काकू सहासष्ट वर्षांच्या. त्यांचा अंगठा एकशे एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत अमेरिकेच्या संग्रही राहील. आणि संग्रह म्हटला की चोरी आली. २०१९मध्ये अमेरिकी सीमा खात्याच्या एका कंत्राटदाराकडून प्रवाशांची छायाचित्रं चोरीला गेली. पुढच्या तपासात तो आकडा सुमारे १,८४,००० निघाला. पासवर्ड बदलता येतो. चेहरा कसा बदलणार?

आता चुकांकडे. यंत्र माणूस ओळखत नाही, नाव आणि तारीख जुळवतं. मराठी नावाचं तर तिथं हसंच होतं. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. आरक्षणाच्या नोंदीत आडनाव पुढे येतं, मग तिरकी रेघ, आणि त्यापलीकडे उरलेलं सगळं एका दमात, शेवटी 'मिसेस'सुद्धा चिकटवून. माहेरच्या नावाचा दाखला, सासरच्या नावाचा पासपोर्ट, बँकेत तिसरंच स्पेलिंग. पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'अज्ञात' अशा अर्थाची तीन अक्षरं छापून येतात. त्यात सगळ्यांची जन्मतारीख १ जून. एखाद्या पाटलाचं किंवा शेखाचं नाव कुठल्या यादीत असेल, तर त्याच नावाचे आणि त्याच तारखेचे किती निरपराध पाटील आणि शेख काउंटरवर थांबवले जातील, याचा विचार काकूंच्या पिढीच्या मास्तरांनी कशाला करावा?

थांबवलं जाणं मोठ्यांनाही चुकलं नाही. २००४मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडींनी सांगितलं की यादीतल्या एका नावाशी साम्य म्हणून त्यांनाच विमानतळावर वारंवार अडवलं. शाहरुख खानला २००९मध्ये नेवार्कला थांबवलं, २०१२मध्ये आणि २०१६मध्ये पुन्हा. पण त्यांच्यासाठी फोन फिरतात. रहिना इब्राहिम यांच्यासाठी फिरले नाहीत. स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या या मलेशियन बाईंना जानेवारी २००५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर बेड्या घातल्या, पुढे त्यांचा व्हिसाही रद्द झाला. त्या आठ वर्षं कोर्टात लढल्या. २०१४च्या निकालात बाहेर आलं ते असं: एफबीआयच्या अधिकाऱ्यानं फॉर्म भरताना चुकीच्या चौकटींत खुणा केल्या होत्या. सूचना अशी होती की ज्या यादीत नाव घालायचं नाही तिथं खूण करा. त्यानं उलट समजून केली. प्रवाशाकडून रकाना चुकला तर तो खोटारडा ठरतो. सरकारकडून चुकला तर ते गुपित असतं, आणि सरकारनं ते शेवटपर्यंत गुपित ठेवायची धडपड केली.

गोळा करणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. रांगा कमी होतात, परत धाडायचा माणूस निघण्याआधीच कळतो, मुलांच्या आणि बायकांच्या तस्करीचे धागे आरक्षणाच्या नोंदीतून लागतात. पण मोठ्या फसलेल्या प्रकरणांत माहितीचा तुटवडा क्वचितच दिसतो. २५ डिसेंबर २००९ला डेट्रॉइटच्या विमानात आतल्या कपड्यांत स्फोटक लपवून बसलेल्या उमर फारूक अब्दुलमुतल्लबबद्दल त्याच्या वडिलांनीच नायजेरियातल्या अमेरिकी वकिलातीला सावध केलं होतं. त्याचं नाव शोधताना स्पेलिंग चुकलं, म्हणून त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हे लक्षात आलं नाही. विमान उतरल्यावर त्याची जादा चौकशी करायची असं मात्र ठरलेलं होतं.

मुंबईनं तर याहून जवळून पाहिलं आहे. दाऊद गिलानीनं २००६मध्ये नाव बदलून डेव्हिड हेडली केलं, शिकागोच्या भारतीय वकिलातीतून रीतसर व्हिसा घेतला आणि २६/११च्या दहशतवादी हल्ल्याआधी पुन्हा पुन्हा मुंबईत येऊन ताज, सीएसटी, नरिमन हाऊस टिपून गेला. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या न्यायालयाला व्हिडिओवरून साक्ष देताना त्यानं सांगितलं की व्हिसाच्या अर्जात त्यानं खोटी माहिती दिली होती. व्यावसायिक खोटारडा अर्ज नेहमीच नीटनेटका भरतो. खाडाखोड होते ती काकूंच्या. हेडलीप्रकरणानंतर आपण काय केलं? २००९च्या अखेरीस नियम काढला की पर्यटक-व्हिसावर एकदा भारत सोडला की दोन महिने परत यायचं नाही. भारतात उतरून नेपाळ, श्रीलंका बघून परत येणारे ब्रिटिश आणि जर्मन म्हातारे त्यात अडकले. २०१२मध्ये तो बहुतेकांसाठी मागे घेतला. पाकिस्तानी मुळाच्या परदेशी नागरिकांची वेगळी चाळणी मात्र राहिली, मग ते बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले डॉक्टर का असेनात.

समाजमाध्यमांचा प्रश्न यातला सर्वांत नवा. अमेरिकेच्या व्हिसासाठी २०१९पासून मागच्या पाच वर्षांतली खाती लिहावी लागतात. एस्टात तो प्रश्न डिसेंबर २०१६पासून ऐच्छिक होता. डिसेंबर २०२५मध्ये तो सक्तीचा करण्याचा आणि सोबत पाच वर्षांतले फोन नंबर, दहा वर्षांतले ईमेल आणि घरच्यांची माहिती मागण्याचा प्रस्ताव निघाला. विद्यार्थ्यांना जून २०२५पासून खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलं. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं त्या महिन्यात बसून सहा वर्षांच्या पोस्ट पुसल्या. क्रिकेटवरच्या शिव्यासुद्धा. मी म्हटलं, त्याला काय होतंय? तो म्हणाला, "काका, काय होतंय ते माहीत नाही, म्हणूनच पुसतोय." माहिती गोळा करण्याचा हा परिणाम कुठल्याही अहवालात मोजत नाहीत. युरोपच्या नव्या व्यवस्थेत निदान असले प्रश्न नाहीत. तिथं १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्यानं पासपोर्टावरचा शिक्का जाऊन चेहरा आणि बोटांचे ठसे आले. शेंगेन व्हिसावाल्या आपल्या लोकांचे ठसे आधीच त्यांच्याकडे असतात. शिक्के जमवणाऱ्या हौशी मंडळींची मात्र पंचाईत झाली.

अमेरिकेबद्दल बोलताना आपला आवाज चढतो. स्वतःच्या दारातल्या गोष्टींबद्दल आपण गप्प असतो. भारतीयांना परत येताना भरावा लागणारा कागद १ मार्च २०१४पासून बंद झाला, जातानाचा १ जुलै २०१७पासून, आणि आपल्याला वाटलं की कटकट संपली. कागद संपला. ८ ऑगस्ट २०२२ रोजी सीमाशुल्क खात्यानं आरक्षणाच्या नोंदींचे नियम काढले: विमान सुटण्याच्या २४ तास आधी कंपनीनं नोंद खात्याकडे पाठवायची, भारतात येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांचीही, आणि ती पाच वर्षं ठेवायची. न पाठवणाऱ्या कंपनीला २५ ते ५० हजार दंड. म्हणजे युरोपच्या न्यायालयानं ज्या पाच वर्षांवर जूनमध्ये काट मारली, तीच पाच वर्षं आपण ऑगस्टमध्ये लिहिली. दुबईला नोकरीला जाणारा रत्नागिरीचा पोरगा आणि थायलंडला निघालेलं नवं जोडपं, सगळे त्यात आहेत. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचा २४ ऑगस्ट २०१७चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आहे, पण २०२३च्या विदा-संरक्षण कायद्यात सरकारला स्वतःच्या यंत्रणा वगळायची मोकळीक आहे.

आणि थायलंडचं म्हणाल, तर भारतीयांना तिथं व्हिसा माफ झाला म्हणून आपण पेढे वाटले. मलेशियातही झाला. पण मलेशियानं डिसेंबर २०२३मध्ये माफीबरोबरच डिजिटल आगमनपत्र आणलं, थायलंडनं १ मे २०२५पासून. उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं. भारतानंही १ ऑक्टोबर २०२५पासून परदेशी पाहुण्यांसाठी तेच केलं. या फॉर्मांच्या खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या वेबसाइटवर, फुकट असलेल्या गोष्टीला पैसे मोजून बसलेलं एक जोडपं माझ्याच इमारतीत आहे. पासपोर्टाचं पान त्यांनी कुणाला पाठवलं, कोण जाणे.

काकूंना व्हिसा मिळाला. मुलाखतीत दोनच प्रश्न विचारले: कशाला जाता आणि परत कधी येणार. एवढा अर्ज भरला त्याचं काय झालं, असं त्या आल्या-आल्या विचारत होत्या. बाळंतपण झालं, मुलगी झाली, आणि सहा महिन्यांनी परतताना लेक आणि अमेरिकन पासपोर्टवाली नात बरोबर निघाली. नातीला भारताचा ई-व्हिसा हवा. फॉर्म भरायचं काम पुन्हा माझ्याकडे. व्हिडिओ कॉलवर पलीकडे काकू, मांडीवर बाळ.

या वेळी प्रश्न आपल्या सरकारचे. धर्म? आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कुणी पाकिस्तानचे किंवा पाकिस्तानव्याप्त भागातले होते का? काकू म्हणाल्या, "आम्ही सांगलीचे. मिरजेच्या पलीकडं कुणी गेलं नव्हतं." शिक्षणाच्या रकान्यात अज्ञान बालक. पुढचा रकाना: शरीरावरची दिसणारी खूण.

मी विचारलं, काय लिहू?

काकूंनी बाळाचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं. "लिही की. गालावर तीट."